मजकूर वाचून दाखवला

बायकांना कोर्टाचे कागद शिकवायचा आमचा जो वर्ग डोंबिवलीत चालतो, त्याच्या दिवाळी अंकासाठी माझ्याकडून दोन पानं लिहून घेतली होती. चौथी शिकलेली बाई वकिलाची कारकून कशी झाली, एवढंच त्यांना हवं होतं. मी लिहिलं: चिकाटी, शिकायची हौस, साहेबांचे उपकार. त्यात खोटं काही नाही. अंक आल्यावर शेजारच्या काकू पेढा देऊन गेल्या. त्या दोन पानांत जे बसलं नाही ते या वहीत लिहिते. वही कुणाला द्यायची नाही. चारचौघांत बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळ्याला चिकटते, लिहिताना तसं होत नाही, म्हणून लिहिते.

माझे मिस्टर एमआयडीसीत एका केमिकलच्या कंपनीत होते. एका सकाळी टाकी साफ करायला आत उतरले ते वर आले नाहीत. मी तेव्हा एकतीस वर्षांची, मुलगी नीता सहा वर्षांची. कंपनीवर केस झाली ती पाटणकर वकिलांनी चालवली. त्यांचं ऑफिस स्टेशनच्या पूर्वेला, एका पोळीभाजी केंद्राच्या वर. दोन खोल्या. पुढच्या खोलीत साहेब, मागच्या खोलीत कपाटं, टाइपरायटर आणि बाबूराव. बाबूराव म्हणजे साहेबांचे कारकून. साठीला आलेले, पुढचे दात पडलेले, पण कल्याणच्या कोर्टातले शिपाई त्यांना उठून नमस्कार करायचे. मी पुढची तारीख विचारायला जायची आणि विचारायला तोंड उघडत नसे म्हणून तासन् तास बाकावर बसून राहायची. तिसऱ्या की चौथ्या खेपेला बाबूरावांनी दाभण आणि दोरा माझ्यासमोर ठेवला.

"वहिनी, बसलाच आहात तर एवढी फाईल शिवा. हात रिकामे असले की माणूस रडतो."

मी शिवली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली.

"गोधड्या शिवल्यात वाटतं माहेरी."

"हो."

"मग या उद्या. इथे गोधड्याच आहेत, फक्त कागदाच्या."

माझी केस पुढे बरीच वर्षं चालली. निकाल लागला तेव्हा निकालाची नक्कल मागायचा अर्ज मीच लिहिला. तोवर मी त्या ऑफिसात पगारावर होते.

वकिलाचा कारकून म्हणजे वकिलाची पिशवी धरणारा, असं लोकांना वाटतं. पिशवी धरावी लागते हे खरं. पण त्या पिशवीत काय आहे ते वकिलाला ठाऊक नसतं, कारकुनाला असतं. कुठल्या कागदाला किती रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं, कागदयादीत कुठला कागद आधी लावायचा, कोर्टाबाहेर सकाळी जो बोर्ड लागतो त्यात आपला नंबर कितवा, आणि पुकारा झाला तेव्हा पक्षकार मुतारीत असेल तर त्याला तिथून कसा काढायचा, ही सगळी कारकुनाची विद्या. यातली शेवटची मला कधी जमली नाही. मी मुतारीच्या बाहेर उभी राहून नुसती खोकायची. बाकीचे कारकून हसायचे. "चौथी पास मॅडम आल्या बघा. खोकून केस चालवतात." कारकुनाचं ओळखपत्र काढायला शाळेचा दाखला लागायचा. माझा दाखला गावच्या शाळेचा, आणि शाळाच चौथीपर्यंत. त्यामुळे माझ्या छातीवर ते पत्र कधी लागलं नाही. मी कायम साहेबांची "घरची बाई" म्हणून कोर्टात फिरले.

पण माझ्यासारख्या बाईला तिथे एक काम होतं, आणि ते बाबूरावांना बरोबर दिसलं होतं.

शीळफाट्याच्या बाजूची, खाडीकाठची, कल्याणच्या पलीकडची गावं तेव्हा विकली जात होती. शेतं, मिठागरं, गुरचरणाच्या कडेचे तुकडे. प्रत्येक सातबाऱ्यावर दहा-बारा नावं, त्यात निम्म्या बायका. बहिणी, चुलत्या, सासरी गेलेल्या मुली. त्यांच्या सह्या लागायच्या आणि त्यातल्या बहुतेकींना सही येत नसे. अंगठा द्यायच्या. कागदाच्या खाली एक ठरलेलं वाक्य असतं, की वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो मला समजला व तो बरोबर आहे. त्याखाली अंगठा. आणि अंगठ्याच्या शेजारी ज्याने वाचून दाखवलं त्याची सही. बायकांना वाचून दाखवायचं काम माझं.

त्यासाठी बाबूरावांनी मला वर्षभर तयार केलं. रोज सकाळी एक जुना दस्त काढून द्यायचे. पूर्णविराम शोधता शोधता दोन पानं संपायची असली ती भाषा. मी अडखळत मोठ्याने वाचायची. वाचून झालं की ते खिडकीतून खाली बोट दाखवायचे. खाली एक भाजीवाली बसायची.

"आता हेच तिला सांग. तिच्या भाषेत. तिला कळलं तर तुला कळलं."

मी खरंच खाली जायची. भाजीवालीला गहाणखत म्हणजे काय, कुलमुखत्यारपत्र म्हणजे काय, ते सांगायची. कुलमुखत्यारपत्र म्हणजे माझ्या वतीने तू व्यवहार कर, असं लिहून देणं. भाजीवाली म्हणाली, "म्हणजे माझा हात कापून दुसऱ्याला द्यायचा." मी वर येऊन बाबूरावांना सांगितलं. ते म्हणाले, "या बाईला नोकरीवर ठेवायला पाहिजे होतं, चुकून तुला ठेवली."

त्यांनी एक नियम घालून दिला होता. बाईला वाचून दाखवताना घरचा पुरुष खोलीत नको. भाऊ नको, नवरा नको, मुलगा नको. "सही करणारा निदान अक्षरांकडे बघतो," ते म्हणायचे. "अंगठा देणारी बाई तोंडांकडे बघते. भावाचं तोंड बघून ती फाशीच्या कागदावरसुद्धा अंगठा देईल. म्हणून आधी तोंडं बाहेर काढायची." मला पुरुषांना बाहेर जा म्हणायचा धीर होत नसे. मग बाबूरावच दारात येऊन म्हणायचे, "चला शेठ, खाली चहा घेऊ." ते भावाला चहाला न्यायचे आणि मी मागच्या खोलीत दार लोटून त्या बाईच्या शेजारी बसायची. त्या खोलीत माझी जीभ चिकटत नसे. किती जणींना वाचून दाखवलं त्याचा हिशेब नाही. काही जणी ऐकून अंगठा न देता उठून गेल्या. साहेब अशा वेळी चिडायचे आणि बाबूराव कपाट आवरायला लागायचे.

अंगठा घेणं हीसुद्धा कला आहे. भातलावणीने आणि खाडीच्या पाण्याने बोटांच्या रेषा झिजतात. दाबला तर नुसता काळा डाग येतो. हलका टेकवून एका बाजूने दुसरीकडे फिरवावा लागतो. त्यासाठी तिचा हात आपल्या हातात घ्यावा लागतो. हात घेतला की बाई बोलायला लागते. एक म्हातारबा मात्र वेगळे होते. त्यांना सही येत असून ते अंगठा द्यायचे. "सही केली का मानूस अडकतं ताई. अंगठा दिला का मी कवापन बोलू शकतो, मना वाचता येत नाय." त्यांची फाईल ओळखायला नाव वाचावं लागत नसे. प्रत्येक तारखेला ते साहेबांना सुकट आणायचे, आणि ती पिशवी आमच्या कपाटात त्यांच्याच फाईलवर ठेवली जायची. एकदा मांजराने त्यांच्या कैफियतीचं, म्हणजे लेखी जबाबाचं, पहिलं पान खाल्लं.

हे असं हसण्यासारखंही पुष्कळ होतं. पण मला लिहायचं आहे ते चांगुणाबाईचं.

चांगुणाबाई शीळफाट्याच्या अलीकडच्या एका गावातल्या आगरी घरातली मुलगी, कोपरला दिलेली. वडील वारले होते. भाऊ एकच, बाळाराम. त्या दिवशी बाबूराव तापाने घरी होते आणि साहेब कल्याणला कोर्टात. बाळाराम, त्याची बायको आणि चांगुणाबाई असे तिघं आले. कागद साहेबांनी आदल्या दिवशीच टाईप करून ठेवला होता: चांगुणाबाईने भावाला द्यायचं कुलमुखत्यारपत्र. तिच्या हिश्श्याची जमीन त्याला वाटेल तशी विकता येईल, असं त्यात होतं.

मी तिला मागच्या खोलीत घेतलं. बाळाराम स्वतःच म्हणाला, "मी थांबतो भायेर, तुमचा नियम माहीत हाय." मला बरं वाटलं. वहिनी मात्र आत आली. बाई होती, तिला बाहेर जा म्हणायचं मला सुचलं नाही. नियम पुरुषांचा होता.

मी कागद उघडला. तेवढ्यात वहिनीने पिशवीतून साडी काढली. मग नारळ, तांदूळ, खण.

"आधी वन्संची ओटी भरते," ती म्हणाली. "माहेरच्या कामाला आल्यात. रिकाम्या ओटीनी कागद नको."

बहिणीने अंगठा दिला की तिला साडी द्यायची रीत मला माहीत होती. पण ती नंतर, घरी. इथे आधी होत होती आणि ऑफिसात. मी त्याचा विचार केला नाही. वहिनीने कुंकवाचा करंडा उघडला आणि माझ्याकडे पाहिलं. माझ्या कपाळाकडे पाहिलं असं मला वाटलं. मी उठले आणि बाहेर गेले.

मला कुणी जा म्हटलं नाही. सहा-सात वर्षं मी हेच करत आले होते. हळदीकुंकू असो, डोहाळजेवण असो, ओटी असो, कुणी सांगायच्या आत आपण बाजूला व्हायचं. तसं केलं की लोकांना सांगावं लागत नाही आणि आपल्याला ऐकावं लागत नाही. अंगवळणी पडलं होतं. वहिनीने हे ओळखून केलं की तिच्या मनात काही नव्हतं, ते मला आजही माहीत नाही.

मी जिन्याच्या तोंडाशी उभी राहिले. बाळाराम आत गेल्याचं मला दिसलं. ओटी भरताना भाऊ असतोच, असं मी मनाशी म्हटलं. परत गेले तेव्हा चांगुणाबाई नवी साडी मांडीवर घेऊन बसली होती. पदरात नारळ. कागदावर अंगठा उमटलेला, स्वच्छ, एकेक रेष दिसणारा. शाईचा पॅड बाळारामच्या हातात.

"घेतला ताई अंगठा. तुमची सही तेवढी राहिली."

मी चांगुणाबाईला विचारलं, "समजलं ना सगळं?"

ती हसून म्हणाली, "समजला ना. बापाच्या मागं नाव लावाचा हाय सातबाऱ्यावर."

ते वाक्य मी ऐकलं. त्या कागदात नाव लावायचं काही नव्हतं. मला वाटलं, भावाने तिला थोडक्यात सांगितलं असेल. मला वाटलं, आता वाचायला बसले तर बाळाराम म्हणेल, मग मघाशी कुठे गेला होतात. आणि कुठे गेले होते, का गेले होते, ते मला त्या भरल्या ओटीसमोर सांगायचं नव्हतं. मी सही केली. शेजारच्या इमारतीतल्या नोटरींकडे कागद गेला आणि शिक्का होऊन आला.

तीन वर्षांनी चांगुणाबाई माहेरच्या देवाला गेली तेव्हा शेतात बिल्डरचा फलक होता आणि पाया खणत होते. तिने कल्याणच्या कोर्टात दावा लावला. म्हणणं सरळ होतं: कागद मला वाचून दाखवला नाही, भावाने फसवून अंगठा घेतला, वाचणारी बाई तेव्हा खोलीत नव्हती.

बाळारामने वकील दुसरा दिला होता. मला साक्षीदार म्हणून समन्स आलं ते मीच ऑफिसात सही करून घेतलं. बाबूराव तोवर वारले होते.

इथे एक गोष्ट लिहून ठेवते. खोटं बोल असं मला कुणी सांगितलं नाही. बाळारामचे वकील म्हणाले, "विचारतील तेवढंच बोला, ताई." पाटणकर साहेब म्हणाले, "सुमनताई, सही तुमची आहे ना, मग झालं. घाबरू नका." त्यांनी दुसरं काही विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही. नीता तेव्हा दहावीला होती.

पिंजऱ्यात उभी राहिले. चांगुणाबाईचे वकील वयस्कर, आवाज मऊ.

"बाई, हा मजकूर तुम्ही वादीला वाचून दाखवलात?"

"हो."

"किती वेळ लागला?"

"पंधरा मिनिटं." तो कागद वाचायला पंधरा मिनिटंच लागली असती. ते मला बरोबर माहीत होतं.

"अंगठा घेतला तेव्हा तुम्ही खोलीबाहेर गेला होतात, असं माझं म्हणणं आहे."

चांगुणाबाई मागच्या बाकावर होती. मी एकदाच पाहिलं. तिच्या तोंडावर राग नव्हता. मी हो म्हणेन अशी तिची खात्री होती.

हो म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न होता, का गेलात. भरल्या कोर्टात, बोर्डावरच्या चाळीस केसेसच्या माणसांसमोर, त्या सगळ्या कारकुनांसमोर मला म्हणावं लागलं असतं की तिथे ओटी भरत होते म्हणून मी उठले. नोकरीची भीती होती, साहेबांची होती, पण ती नंतर. आधी ही होती.

"नाही," मी म्हणाले.

साहेबांनी, म्हणजे न्यायाधीशांनी, टायपिस्टला सांगितलं आणि ते टाईप झालं. दावा फेटाळला गेला. निकालपत्रात माझ्या साक्षीवर एक परिच्छेद होता. साक्षीदार अल्पशिक्षित असूनही तिची साक्ष सरळ व विश्वासार्ह वाटते, असं होतं. पाटणकर साहेबांनी तो मला मोठ्याने वाचून दाखवला.

चांगुणाबाईने ठाण्याला वरच्या कोर्टात अपील केलं. ते पडून राहिलं, जशी अपिलं राहतात.

काही वर्षांनी डोंबिवलीत बायकांसाठी एक वर्ग सुरू झाला. कायद्याच्या मदतनीस तयार करायच्या होत्या. वकील नव्हे, पण रेशनच्या अर्जापासून पोटगीच्या अर्जापर्यंत कागद करून देतील, बाईबरोबर कोर्टात जातील, अशा. शनिवारी एक तरुण वकील मॅडम कायदा शिकवायच्या. रविवारी कागद शिकवायला त्यांनी मला बोलावलं. मी नको म्हणत होते. मॅडम म्हणाल्या, "कलमं मी शिकवते. कागद हातात कसा धरायचा ते तुम्हीच दाखवा." अकरा बायका होत्या. मी फळ्याकडे तोंड करून बोलायची, कारण त्यांच्याकडे बघून बोलता येत नसे. तरी त्या शिकल्या. फाईल शिवायला, तिकीट लावायला, नक्कल काढायला, अंगठा घ्यायला. बाबूरावांचा नियम सांगितला, त्यात माझी एक भर घातली: पुरुषच नाही, बायकाही बाहेर. घरची कुणीच नको. का, ते सांगितलं नाही.

त्यांतली सगळ्यांत हुशार वनिता. बारावी झालेली, कंपनीत पॅकिंगला जायची, राहायला कोपरला. कुणाची मुलगी हे मी विचारलं नव्हतं. बोलायला फटकळ. "ताई, आमच्याकडं बघून बोला ना, फळ्याला काय अंगठा द्यायचाय का?" सगळ्या हसायच्या, मीसुद्धा.

दोन महिन्यांनी मी त्यांना सांगितलं, घरातला एक कोर्टाचा कागद आणा आणि वर्गात वाचून समजावून सांगा. कुणी वीजबिलाची नोटीस आणली, कुणी काडीमोडाचा हुकूम. वनिताने एका साक्षीची नक्कल आणली होती. उभी राहून वाचायला लागली. पहिल्याच ओळीत साक्षीदाराचं नाव होतं. ते माझं होतं.

ती थांबली नाही. स्पष्ट, सावकाश, मी शिकवलं होतं तशीच वाचत गेली. "मी मजकूर वादीस वाचून दाखवला. मला पंधरा मिनिटे लागली. हे म्हणणे खरे नाही की, अंगठा घेतेवेळी मी खोलीबाहेर गेले होते." कागद खाली ठेवून ती माझ्याकडे बघत राहिली.

"ताई, पहिल्या दिवशी तुम्ही नाव सांगितलं तेव्हाच मला कळलेलं. आई म्हणाली, भांडू नको, आधी शिकून घे. शिकले. आता सांगा, हा कागद खरा का?"

मी पहिल्यांदा त्यांच्याकडे तोंड करून बोलले.

"नाही. खरा नाही. मी बाहेर गेलेले."

मॅडमनी प्रतिज्ञापत्र तयार केलं. ते देण्याआधी मी पाटणकर साहेबांकडे गेले. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"खरं सांगू नका असं मी म्हणणार नाही, सुमनताई. तसं म्हटलं तर मी वकील कसला. पण उद्यापासून इथे येऊ नका, एवढं मला म्हणावं लागेल."

"हो साहेब."

"दाभण घेऊन जा. तुमच्याशिवाय इथे कुणाला येतं ते वापरायला."

दाभण मी घेतलं नाही. नंतर तीन घरी पोळ्यांची कामं धरली. नीता तोवर नोकरीला लागली होती.

ठाण्याला अपील बोर्डावर आलं तेव्हा मी गेले. प्रतिज्ञापत्र दिल्याने सगळं बदलेल अशी वनिताची समजूत होती. मला आशा नव्हती, कारण इतकी वर्षं मी तेच काम केलं होतं. आधी शपथेवर एक सांगून मग शपथेवर दुसरं सांगणाऱ्या माणसाच्या कुठल्याच शब्दाला वजन उरत नाही. समोरचे वकील एवढंच म्हणाले, "ही बाई तेव्हा खोटं बोलत होती की आता बोलते आहे, हे तिलाच विचारावं लागेल." हसू झालं. प्रतिज्ञापत्र विचारात घेतलं गेलं नाही. अपील फेटाळलं. त्या शेतावर तोवर चार इमारती होत्या आणि दोरीवर लोकांचे कपडे वाळत होते.

खोट्या साक्षीबद्दल मला कुणी काही केलं नाही. तेवढीही दखल घेतली नाही.

महिनाभराने वनिता मला कोपरला घेऊन गेली. आईने बोलावलंय म्हणाली. चांगुणाबाई ओट्यावर करंदी, म्हणजे बारीक कोळंबी, सोलत बसली होती. नवरा मागच्या वर्षी गेला, हे मला माहीत नव्हतं. कपाळ मोकळं होतं. तिने पाट सरकवला, मी बसले.

"त्या दिसा ओटी होती म्हून गेलतीस ना भायेर?"

मी मान हलवली.

"आथां कलतं मना," ती म्हणाली. "तवा कललां नव्हता. मना वाटलां तू पानी आनाला गेलीस." मग सोलता सोलताच म्हणाली, "मी हाक मारलेली तुला. ये बाय, हितंच बस, असा बोललू मी. भावजय बोलली, जाऊंदे तिला. तुला आयकू आला नाय वाटतं."

"नाही," मी म्हणाले. "ऐकू आलं नाही."

"आसंल. खाली गाड्यांचा आवाज किती."

आतून वनिताने चहा आणला. आम्ही तिघींनी घेतला. निघताना चांगुणाबाईने मला वाटीभर करंदी दिली.

हाक मला ऐकू आली होती. दार अर्धं उघडं होतं आणि मी दारापासून चार पावलांवर होते. "ये बाय, हितंच बस," हे तिचे शब्द मी जसेच्या तसे ऐकले. मला वाटलं, ही मनाने मोठी आहे म्हणून बोलावते आहे, पण मी आत गेले तर तिचं काही वाकडं होईल. म्हणून ऐकलं नाही असं केलं आणि आणखी दोन पायऱ्या खाली उतरले. कोर्टात हे कुणी विचारलं नाही. प्रतिज्ञापत्रात मी ते लिहवून घेतलं नाही. आणि ज्या एका बाईला सांगायला हवं होतं, तिने समोर बसवून विचारलं तेव्हा मी पुन्हा नाही म्हणाले.